पेपरच्या टेन्शनमध्ये मूल स्वतःबद्दल काय विचार करतं, ते मोजायचं कसं

फेब्रुवारी जवळ आला की इंदूरात दरवर्षी तोच सवाल येतो, कधी बी.एड.च्या मुलींकडून, कधी एखाद्या ट्यूशनवाल्या सरांकडून, की मॅडम मुलांची परीक्षेची भीती मोजायचीय, एखादा फॉर्म द्या ना. फॉर्म मिळतात हो, ढिगानं मिळतात. पण त्यातले बरेचसे विचारतात छाती धडधडते का, झोप लागते का, आणि त्यातून कळतं एवढंच की मूल घाबरलंय, जे त्याच्या आईला आधीच ठाऊक असतं. मला जास्त कामाचं वाटतं ते हे की घाबरल्यावर ते मूल स्वतःला काय म्हणतं. एक म्हणतं ‘पेपर बेकार काढलाय’, दुसरं म्हणतं ‘मी ढच आहे’, हात दोघांचेही घामेजलेलेच, पण दुसऱ्याकडे बसून बोलायला लागतं आणि पहिल्याला एक पाण्याची बाटली पुरते. हे मोजता येतं, घरगुती साधनांनी पण नीट मोजता येतं. शाळेत काउन्सेलर म्हणून हेच करत आलेय तर थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती नसली की फॉर्ममध्ये खिचडी होते. परीक्षेची भीती ही वेगळी गोष्ट म्हणून मोजायला 1952 मध्ये अमेरिकेत मँडलर आणि सारासन यांनी प्रश्नावली काढली, पुढे 1967 मध्ये लीबर्ट आणि मॉरिस यांनी तिचे दोन भाग पाडले, एक शरीरातली खळबळ म्हणजे घाम, धडधड, पोटात गोळा, आणि दुसरा डोक्यातली काळजी, म्हणजे नापास झालो तर, बाकीचे पुढे गेले तर. 1988 मध्ये हेम्ब्री नावाच्या संशोधकानं 562 अभ्यास एकत्र करून पाहिले तर मार्कांशी जास्त घट्ट संबंध काळजीचा निघाला, धडधडीचा कमी. म्हणजे आपण ज्याच्यामागे लागतो, ‘शांत हो, खोल श्वास घे’, तो कमी महत्त्वाचा भाग. (श्वास घ्यायला काही हरकत नाही, पण त्यानं ‘मी ढ आहे’ जात नाही.) अर्थात काळजीमुळे मार्क जातात की मार्क गेल्यामुळे काळजी येते हे नुसत्या संबंधावरून सांगता येत नाही, बहुधा दोन्ही होतं आणि एकमेकांना वाढवत राहतं.

आता या काळजीतही दोन थर असतात आणि तिथेच आपलं काम आहे. ‘पेपर लांबलाय, वेळ पुरणार नाही’ ही काळजी पेपराबद्दलची. ‘मलाच कधी काही पुरत नाही’ ही स्वतःबद्दलची. तयार फॉर्म बहुतेक दोन्ही एकाच डब्यात टाकतात. स्पीलबर्गरची 1980 ची प्रश्नावली फार वापरली जाते, 20 वाक्यं, प्रत्येकाला 1 ते 4, बेरीज 20 ते 80, चांगली आहे, पण ती विकत घेऊन परवानगीनंच वापरायची असते, कुणाच्या तरी प्रोजेक्टमधून फोटोकॉपी मारून नाही. रोझेनबर्गची 1965 ची दहा वाक्यांची आत्मसन्मानाची पट्टी सगळ्यांना माहीत असते, पण ती माणूस एकूण स्वतःला कसं बघतो ते मोजते, गुरुवारी फिजिक्सच्या पेपरात साडेदहा वाजता त्याला स्वतःबद्दल काय वाटलं ते नाही मोजत. मोठं संशोधन करायचं असेल, डीएव्हीव्हीत (इंदूरचं देवी अहिल्या विद्यापीठ) पीएचडी वगैरे, तर तयार आणि तपासलेलीच साधनं घ्या. पण वर्गातल्या तीस-चाळीस मुलांना समजून घ्यायचं असेल तर स्वतःची छोटी पट्टी बनवणं जास्त उपयोगी, आणि ती कशी ते सांगते.

पहिलं काम पट्टी लिहायचं नाहीये. पहिलं काम मुलांचीच वाक्यं गोळा करायचं. एक युनिट टेस्ट निवडा, जिचे मार्क धरले जाणार आहेत. कॉप्या, म्हणजे उत्तरपत्रिका, गोळा झाल्या की लगेच, मुलं जागेवर असतानाच, प्रत्येकाला एक कोरा कागद द्या आणि सांगा, पेपर लिहिताना डोक्यात जे जे आलं ते एकेका ओळीत लिहा, शुद्धलेखन नाही, नाव नाही, फक्त एक खूण (ती कशी ते पुढे येतं), तीन मिनिटं. मानसशास्त्रात ही विचार-यादीची पद्धत जुनी आहे आणि तिच्यात काही फॅन्सी नाही. मात्र ‘लगेच’ या गोष्टीवर अडून बसा. आपल्याकडे पेपर सुटला की मुलं गेटाबाहेर पोह्याच्या ठेल्यावर जमतात आणि जिरावण मसाला भुरभुरता भुरभुरता उत्तरं जुळवतात, तिसऱ्याचं बी होतं का सी, आणि तिथे ज्याचं चुकलेलं निघतं त्याला मागाहून आठवतं की आपल्याला पेपरभर वाईटच वाटत होतं. दुपारी विचारलेलं उत्तर हे पेपराबद्दलचं नसतं, ठेल्याबद्दलचं असतं. आणि पेपर चालू असताना मध्येच विचारायचं मनातही आणू नका, त्याचं नुकसान होतं.

अशा कागदावर काय येतं ते नमुन्याला बघू, अकरावीच्या फिजिक्सनंतरचा धरा:

पहलाही सवाल अटक गया
पंखा खडखड करत होता
पुढची किती सप्लिमेंट्री घेतेय
हात ओले, पेन सटकत होतं
मुझसे नहीं होगा
बाबा काही बोलणार नाहीत पण त्यांचं तोंड बघवणार नाही
शेवटचं न्यूमेरिकल आलं, मग बरं वाटलं

सात ओळी. आता या वेगवेगळ्या ढिगांत टाकायच्या. 1984 मध्ये इर्विन सारासन (वरचे सारासन वेगळे) यांनी चार ढीग केले होते, ताण, काळजी, शरीराच्या खुणा आणि परीक्षेशी संबंध नसलेले विचार. मी त्यात स्वतःबद्दलच्या वाक्यांचा ढीग वेगळा काढते. पंख्याची ओळ असंबद्ध विचारांत गेली, ओले हात शरीरात, पहिला सवाल अडकला ही पेपराबद्दलची. ‘मुझसे नहीं होगा’ सरळ स्वतःबद्दल. ‘पुढची किती सप्लिमेंट्री घेतेय’ वरवर दुसरीबद्दल आहे पण तिच्या आत ‘आणि मी?’ बसलेला आहे, ही तुलना, तीही स्वतःच्याच ढिगात. बाबांची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, तिच्यात मूल स्वतःला दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघतंय, आणि गंमत बघा, बाबा बोलणार नाहीत हे तिला माहीत आहे तरी ती ओळ आली. शेवटची ओळ चांगली, ती सोडून देऊ नका, सगळे लोक फक्त रडगाणंच मोजतात आणि मग प्रत्येक मूल आजारी दिसायला लागतं. म्हणजे या कागदावर स्वतःबद्दलच्या उलट ओळी तीन, सुलट एक, बाकी तीन इकडच्या तिकडच्या.

हे ढीग एकट्यानं पाडू नका. दुसऱ्या कुणालातरी, शक्यतो त्या मुलांना न शिकवणाऱ्या माणसाला, तेच कागद द्या आणि त्याचे ढीग तुमच्याशी जुळतात का बघा. दहातल्या आठ ओळी जुळल्या तर ठीक चाललंय, सहाच जुळल्या तर ढिगांची व्याख्या पुन्हा लिहा. नीट करायचं असेल तर कोहेनचा कप्पा काढतात, तो योगायोगानं जुळलेलं वजा करतो, पण वर्गापुरतं साधी टक्केवारी चालते.

भाषेचं आधीच ठरवा. आपल्या घरांत मराठी, मित्रांत हिंदी, पेपर इंग्रजीत, आणि मूल स्वतःला शिव्या यातल्या कुठल्या भाषेत देईल ते सांगता येत नाही. लोकमान्य नगरातल्या घरात आजीशी शुद्ध मराठी बोलणारं पोरगं पेपरात मनातल्या मनात हिंदीतच हरतं. म्हणून कोऱ्या कागदावर भाषेची अट घालायची नाही, आणि पट्टी बनवताना तीच वाक्यं हिंदी आणि मराठी अशी दोन्हीकडे ठेवायची, मुलाला हवी ती उचलू द्यायची. हिंदी वाक्य तुम्ही केलं असेल तर दुसऱ्याला ते परत मराठीत करायला सांगा, मूळ न दाखवता. परत आलेलं वाक्य वेगळंच निघालं तर हिंदीवालं बिघडलेलं आहे.

आता पट्टी. गोळा केलेल्या कागदांत जी वाक्यं पुन्हा पुन्हा येतात ती उचला आणि जरा घासून घ्या. तीन-चार गोष्टी सांभाळायच्या. एका वाक्यात एकच विचार, ‘मला भीती वाटली आणि मी मूर्ख आहे असं वाटलं’ हे दोन झाले, ज्याला एकच वाटलं तो काय टिक करणार? नकारात नकार नको, ‘मला जमणार नाही असं वाटलं नाही’ याला ‘कधीच नाही’ म्हणणं म्हणजे डोक्याला ताप. वाक्यात नेहमी, कधीकधी असले शब्द नकोत कारण तेच उत्तरांत आहेत. आणि मराठीत एक खास लफडं, ‘मी घाबरलो’ लिहिलं की मुली बाहेर, ‘घाबरलो/घाबरले’ लिहिलं की कागद सरकारी दिसतो, तर सरळ ‘मला भीती वाटली’, ‘मनात आलं’ अशी वाक्यं करायची, दोघांना चालतात. माझी हल्लीची पट्टी अशी आहे, हवी तर घ्या, हवी तशी बदला. वर एकच ओळ, ‘आत्ताच्या पेपरात हे किती वेळा झालं?’ आणि खाली:

1. प्रश्न पुरता वाचायच्या आधीच ‘हे आपल्याला येणार नाही’ असं वाटलं.
2. अडलं तेव्हा ‘माझ्यात डोकंच नाही’ असं मनात आलं.
3. बाकीच्यांना येतंय, मलाच येत नाही असं वाटलं.
4. मार्क कमी आले तर घरच्यांच्या नजरेतून उतरेन असं वाटलं.
5. एक प्रश्न चुकला तर आता सगळंच गेलं असं वाटलं.
6. थोडं झटलं तर अडलेला प्रश्न सुटेल असं वाटलं.
7. चूक झाली तरी पुढचं नीट लिहिता येईल असं वाटलं.
8. पेपर कसाही गेला तरी माझं माणूस म्हणून काही बिघडत नाही असं वाटलं.

उत्तरं चार: एकदाही नाही 1, एकदोनदा 2, बऱ्याचदा 3, जवळजवळ पूर्ण वेळ 4. पाच उत्तरं ठेवली की आमची मुलं डोळे मिटून मधलं टिक करतात, म्हणून चार. खरं तर प्रत्यक्ष कागदावर हा क्रम ठेवू नका, 6, 7, 8 मध्ये मध्ये पेरा, नाहीतर पहिली पाच वाचून मुलाला वाटतं हा रडायचा फॉर्म आहे आणि पुढचीही तशीच भरतं. शरीराची तीन वाक्यं (हात घामेजले, छाती धडधडली, पोटात कसंतरी झालं) खाली वेगळी, त्यांची बेरीजही वेगळी, आठात मिसळायची नाही, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

पट्टी वर्गाला द्यायच्या आधी पाच-सहा मुलांना एकेकटं बसवून मोठ्यानं वाचायला लावा आणि विचारा, तुला यातून काय समजलं? हे कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे गाळतात आणि सगळ्यात जास्त इथेच कळतं. आठव्या वाक्यावर लहान वर्गातली मुलं हमखास अडकतात, ‘माणूस म्हणून म्हणजे?’ तर सातवी-आठवीसाठी मी ते ‘पेपर कसाही गेला तरी मी चांगलाच मुलगा / चांगलीच मुलगी आहे’ करते, तिथे मात्र तिरकी रेघ मारावीच लागते, इलाज नाही.

वर दिलेली पट्टी पेपरानंतरची. पेपराआधी विचारायची एक वेगळी चीज आहे, स्वतःवरचा भरवसा. अल्बर्ट बँडुरा यांनी 1977 मध्ये ही कल्पना मांडली आणि 2006 मध्ये तिच्या पट्ट्या कशा बनवाव्यात त्याचं मार्गदर्शनच लिहून ठेवलं, 0 ते 100, दहा-दहाच्या पायऱ्या, आणि प्रश्न नेमक्या कामाबद्दल. ‘तुला गणित येतं का?’ असं नाही, ‘आत्ता त्रिकोणमितीची अशी दहा गणितं दिली तर त्यातली किमान सात सोडवू शकशील याची किती खात्री आहे?’ असं. ‘सोडवशील का’ विचारलं तर मूल इरादा सांगतं, ‘सोडवू शकशील का’ विचारलं तर ताकदीचा अंदाज सांगतं, आपल्याला दुसरं हवंय. मग खरंच दहा गणितं द्या आणि बघा. ज्यानं 30 टक्के खात्री लिहिली आणि आठ बरोबर सोडवली, त्या मुलाला आणखी गणितं देऊन काही होणार नाही, त्याचा स्वतःबद्दलचा अंदाजच चुकतोय. ज्यानं 90 लिहून तीन सोडवली त्याला उलट गणितंच द्यायचीत, आणि थोडी हळू आवाजात.

आता सगळ्यात मोलाचं, जे बहुतेक लोक करतच नाहीत. तीच पट्टी दोनदा द्या. एकदा मार्क धरणाऱ्या टेस्टनंतर आणि एकदा अशा सराव पेपरानंतर ज्याचे मार्क कुठेच जाणार नाहीत, घरी कळणार नाहीत, तपासून कॉप्या मुलांनाच परत. तोच वर्ग, तीच वेळ, साधारण तितकाच अवघड पेपर, वाक्यं अक्षरशः तीच. एकट्या परीक्षेच्या दिवसाचा आकडा मला काहीच सांगत नाही, दोन दिवसांमधला फरक सांगतो. अर्ध्या वर्गाला आधी सराव आणि अर्ध्याला आधी टेस्ट असं करता आलं तर उत्तमच, कारण दुसऱ्यांदा भरताना मुलं सरावलेली असतात.

बेरीज कशी करायची ते एका मुलीवर करून दाखवते. टेस्टच्या दिवशी तिची पहिल्या पाचांची उत्तरं 3, 3, 4, 2, 3, म्हणजे 15. सहा-सात-आठ ही सुलट वाक्यं, ती उलटी करायची, 5 मधून वजा. तिनं लिहिलं 2, 1, 2, तर ते झाले 3, 4, 3, म्हणजे 10. एकूण 25. (आठ वाक्यं, तर कमीत कमी 8 आणि जास्तीत जास्त 32.) सराव पेपराला तिचे पाच 2, 1, 3, 2, 2 म्हणजे 10, आणि सुलटे 3, 3, 4 उलटे होऊन 2, 2, 1 म्हणजे 5. एकूण 15. फरक 10. उलटी करायची विसरलात तर सगळं मुसळ केरात, तेव्हा शीटमध्ये त्या तीन रकान्यांना रंग देऊन ठेवा. एखादं वाक्य मुलानं सोडलं असेल तर त्याच्या बाकी सातांची सरासरी तिथे टाका, दोनपेक्षा जास्त सोडली असतील तर तो कागद बाजूला.

मग बघायचं की ही आठ वाक्यं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात की आठ दिशांना. त्यासाठी क्रॉनबाखचा अल्फा, 1951 चा. गूगल शीटमध्ये बटण नाहीये पण हातानं निघतो, प्रत्येक वाक्याच्या रकान्याला व्हॅर (VAR, हे सूत्र व्हेरियन्स काढतं, म्हणजे आकडे किती पसरलेत ते) लावून त्यांची बेरीज करा, एकूण बेरजेच्या रकान्यालाही व्हॅर लावा. समजा वाक्यांच्या व्हेरियन्सची बेरीज 6.4 आली आणि एकूणाचा 20. तर 1 वजा 6.4 भागिले 20 म्हणजे 0.68, त्याला 8 भागिले 7 नं गुणलं की 0.78. साधारण 0.7 च्या वर असेल तर लोक चालवून घेतात. कमी आला तर कोरलनं (CORREL, दोन रकाने किती बरोबरीनं जातात ते सांगणारं सूत्र) प्रत्येक वाक्य बाकीच्या सातांच्या बेरजेशी किती जातं ते बघा, जे उलटं जातंय ते एकतर तुम्ही उलटं करायला विसरलात किंवा मुलांना ते वाक्य कळलंच नाही.

आणि याच आकड्यांतून फरक खरा की उगाचचा तेही निघतं, हे मला फार आवडतं. व्हेरियन्स 20 म्हणजे प्रमाण विचलन (त्याचं वर्गमूळ) साधारण 4.5. अल्फा 0.78 धरला तर एका बेरजेतली चूक 4.5 गुणिले 0.22 चं वर्गमूळ, म्हणजे साधारण 2.1. दोन दिवसांचा फरक काढला की चूक वाढून 3 च्या आसपास जाते, आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे 6 च्या आतला फरक एकाच मुलाबद्दल बोलताना धरूच नये. वरच्या मुलीचा 10 आहे, म्हणजे काहीतरी आहे. कुणाचा 3 आला म्हणून त्याच्या आईला फोन करू नका, कृपा करा.

वाचायचं कसं, तर मला साधारण तीन तऱ्हा दिसतात. वरच्यासारखी मुलं, साध्या दिवशी 15 आणि टेस्टला 25, यांचं स्वतःबद्दलचं मत बरं असतं पण मार्कांची पाटी दिसली की ढासळतं, यांच्याबरोबर पेपरावरच काम करायचं, चूक झाल्यावर पुढचं पान कसं उलटायचं, बाजूला न बघणं, असलं. दुसरी तऱ्हा, टेस्टला 26 आणि सरावालाही 25. फरक काहीच नाही, आणि म्हणून यादीत हे मूल खाली राहतं, पण खरी काळजी मला याची असते. ही परीक्षेची भीतीच नव्हे, हे मूल रोजच स्वतःला असं बोलतंय, त्याला टाइमटेबल आणि टिप्स देऊन उपयोग नाही, बसून विचारायला लागतं घरी काय, मित्रांत काय, कधीपासून. तिसरी तऱ्हा म्हणजे शरीराची बेरीज 12 पैकी 11 आणि स्वतःबद्दलची 11 फक्त. घाम गळतोय पण पोरगं स्वतःबद्दल मस्त आहे. याला सोडून द्या. भंवरकुआंला कोचिंग लावलेल्या मुलांत असे बरेच दिसतात, थरथरत जातात आणि ठीकठाक लिहून येतात, त्यांना ‘तुला अ‍ॅन्झायटी आहे’ सांगून नवीन आजार लावू नका.

एकेका वाक्याकडेही बघा, नुसत्या बेरजेकडे नाही. अख्ख्या वर्गाचं तिसरं वाक्य वर गेलं असेल तर मुलांपेक्षा वर्गात काय चाललंय ते तपासा, कुणीतरी मार्क मोठ्यानं वाचून दाखवतंय का, रँकची यादी बाहेर लावतंय का. चौथं वर गेलं तर पालकसभेत बोला, कुणाचं नाव न घेता.

द्यायच्या वेळी दोन-तीन गोष्टी. ज्या सरांचा पेपर होता ते खोलीत नकोत. नावाऐवजी खूण, आईच्या नावाची शेवटची दोन अक्षरं आणि जन्मतारखेचा आकडा असं काहीतरी जे मुलाला दुसऱ्यांदाही आठवेल, आणि खुणेवरून मूल ओळखायची यादी फक्त एकाच माणसाकडे, कुलूपबंद. ‘हा पेपर नाही, यात बरोबर-चूक नाही’ हे फळ्यावर लिहून ठेवा, नाहीतर हुशार मुलं विचारतात मॅम अच्छा स्कोअर कितना होता है. वेळ दहा मिनिटांच्या वर नको. पालकांची लेखी परवानगी आधी घ्या, 18 च्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि मुलालाही विचारा, नाही म्हणालं तर त्याला चित्र काढू द्या, बाकीच्यांसारखाच कागद खाली मान घालून भरतंय असं दिसलं म्हणजे झालं. गूगल फॉर्म सोपा पडतो खरा, पण तो घरी भरला जातो आणि शेजारी आई बसलेली असते, चौथ्या वाक्याचं काय होणार सांगायला नको.

आणि हे आधीच ठरवून ठेवा की कोऱ्या कागदावर कुणी जगण्याबद्दलच काही वाईट लिहिलं तर काय करायचं. ती ओळ एक डेटा पॉइंट म्हणून ढिगात टाकायची नाही. त्याच दिवशी, खुणेवरून मूल शोधून, एकांतात भेटायचं, घरच्या एका भरवशाच्या माणसाला सांगायचं, आणि टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्यायचा, केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेला, चोवीस तास, फुकट. मुलांना सुरुवातीलाच सांगून टाका की कुणी काय लिहिलं ते मी कुणाला सांगणार नाही, पण कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मात्र मी बोलायला येईन आणि घरच्या एकाला सांगेन. असं सांगितल्यावर मुलं लिहायची बंद होतात असं लोकांना वाटतं, मला तसं दिसलेलं नाही.

आकडे मुलाला परत द्यायचे का? बेरीज नको, वाक्यं द्या. ‘तुझा 25 आलाय’ म्हटलं की तो आणखी एक मार्क झाला आणि तोही कमी पडलेला. त्याऐवजी, ‘सरावाच्या दिवशी तू लिहिलंस चूक झाली तरी पुढचं जमेल, टेस्टला लिहिलंस एकदाही नाही वाटलं, मध्ये काय झालं रे?’ एवढं विचारलं की पुढची वीस मिनिटं तेच बोलतं.

काही उपाय करून पुन्हा मोजायचं असेल, उदाहरणार्थ पेपराआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवायची, ज्यावर रामिरेझ आणि बायलॉक यांचा 2011 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला अभ्यास प्रसिद्ध आहे आणि त्यात घाबरणाऱ्या मुलांचे मार्क सुधारलेले दिसले, तर एक सापळा लक्षात ठेवा. सगळ्यात जास्त आकडा आलेली दहा मुलं निवडून त्यांना उपाय दिला आणि महिन्यानं मोजलं, तर आकडा खाली येणारच, काहीही न करता येणार, कारण त्या दिवशी ती दहा मुलं थोडी योगायोगानंही वर गेलेली असतात. मग शाळेच्या रिपोर्टात टाळ्या. म्हणून वर आकडा आलेल्यांतल्या अर्ध्यांना चिठ्ठ्या टाकून आत्ता उपाय द्या, उरलेल्यांना पुढच्या महिन्यात, आणि दोन्ही गटांना एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या टेस्टनंतर मोजा. प्री-बोर्डाच्या आठवड्यात हे करू नका, तेव्हा सगळ्यांचेच आकडे वर असतात. सप्टेंबरात गणपती उरकल्यावरच्या युनिट टेस्टा बऱ्या पडतात, दिवाळीलाही वेळ असतो.